दगड परत ठेवताना

१

ओहोटीला खडकांत उतरणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला थोरली पहिल्याच दिवशी एक गोष्ट सुनवायची. दगड उचलायला कुणालाही येतं. तो जसा होता तसा परत ठेवता येत असेल, तरच उद्या माझ्याबरोबर या. नवा माणूस हसायचा. थोड्या वेळाने त्याचं हसू मावळायचं, कारण थोरली खरोखरच मागे उभी राहून बघायची आणि दगड बोटभर तिरका बसला तरी पुन्हा उचलायला लावायची.

बंदराच्या कडेला सागरी जीवांच्या अभ्यासाचं एक केंद्र होतं. तिथे ती कितीतरी वर्षं नोकरीला होती. काम म्हटलं तर पोरखेळ: पाणी ओसरलं की उतरायचं आणि दगडांखाली काय काय जगतंय ते बघायचं. वरचा पट्टा रोजच उघडा पडतो, तिथल्या कालवांचं आणि गोगलगायींचं तिला फारसं कौतुक नव्हतं. तिचा जीव अडकलेला खालच्या पट्ट्यात. तो फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला उघडतो, तोही जेमतेम तासभर. तिथे एकेका दगडाखाली भरलेलं घर असतं. दगडाच्या वरच्या अंगाला शेवाळ, त्याला ऊन लागतं. खालच्या अंगाला नारिंगी स्पंज, किड्यांच्या पांढऱ्या नळ्या, नखाएवढे तारामासे, अंड्यांचे पुंजके. या सगळ्यांना अंधार लागतो. दगड बघितला आणि उलटा टाकून चालते झालात, तर वरचं खाली कुजतं आणि खालचं उन्हात मरतं. त्यातही वाईट असं की ते लगेच मरत नाही. दोन-चार दिवस तसंच धरून बसतं, रंग तोच, आकार तोच, बघणाऱ्याला वाटतं छान चाललंय. मग पांढरं पडतं, आणि बोट लावलं की भुगा.

तिच्या जोडीला शिट्टीमास्तर असायचे. निवृत्तीला टेकलेले, गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे ते खाली उतरत नसत. वरच्या उंच खडकावर छत्री घेऊन उभं राहायचं, पाण्यावर नजर ठेवायची आणि पाणी फिरलं की शिट्टी वाजवायची. खाली वाकलेल्या माणसाला पाठीमागचं पाणी दिसत नाही. म्हणून शिट्टी झाली की हातातलं टाकून वर यायचं, हा केंद्राचा नियम होता, आणि थोरलीला तोही पटलेला होता.

त्या दिवशी तिने एक थोराड, चपटा दगड उचलून उभा केला. खालच्या अंगाला अंड्यांचा पिवळसर थर होता, आणि दगडाखालच्या ओंजळभर पाण्यात त्या अंड्यांचा राखणदार, बोटभर लांबीचा मासा. खेकडे केव्हाच अंधाराकडे पळाले होते. हा पळाला नाही. डोक्यावरचं छप्पर गेलं, ऊन अंगावर आलं, तरी तो अंड्यांच्या खालीच कल्ले हलवत बसून राहिला. थोरलीला त्याचं भारी अप्रूप वाटलं. ती जरा जास्तच वेळ बघत राहिली.

शिट्टी वाजली. त्याच वेळी मागून आलेलं पाणी तिच्या पिंढऱ्यांवर आदळलं, हात सुटला, आणि दगड पलीकडे आडवा झाला. अंडी आभाळाकडे, शेवाळ खाली. ती पुन्हा वाकली तोच दुसरी लाट आली.

"बाई, वर या आधी!" मास्तर ओरडले. "दगडच तो, त्याला काय पोरंबाळं आहेत?"

"त्याला नाहीत," ती धापा टाकत वर येऊन म्हणाली, "त्याच्याखाली आहेत."

मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं. तिला मात्र घरी जाईपर्यंत चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं. गॅस चालू राहिला असावा असं वाटत राहतं, तशी ती रुखरुख होती.

२

घर गल्लीच्या टोकाला, बैठं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यात थोरली आणि धाकटी, दोघी बहिणी. आईवडील गेल्यापासून थोरलीनेच धाकटीला वाढवली होती, आणि एवढी मोठी होऊनही धाकटीचं वाढणं संपलंय हे थोरली कबूल करत नव्हती. गेल्या काही महिन्यांत तर तिला निमित्तच मिळालं होतं. धाकटीच्या फुप्फुसाचं ऑपरेशन झालं होतं. डाव्या बरगड्यांखाली वीतभर व्रण होता, चार पावलं टाकली की दम लागायचा. डॉक्टर म्हणत होते, सगळं ठीक आहे, वेळ लागेल. थोरली रोज कामाला निघण्याआधी तिचं पांघरूण हळूच कोपऱ्यातून उचलायची, छाती वर-खाली होते का बघायची, आणि पांघरूण होतं तसं ठेवायची. धाकटी जागी असली तरी डोळे मिटून पडायची. त्यात ताईचं समाधान होतं.

त्या दिवशी धाकटी उशीला टेकून बसलेली होती.

"ताई, आज मध्येच हवा कमी झाली होती का गं?"

"दम लागला? पंप घेतलास का?"

"दम नाही गं. हवाच. म्हणजे आधी कानात दडे बसले. मग रस्त्यावरचे आवाज लांब लांब गेले. म्हटलं मेले की काय मी. बघते तर पंखा फिरतोय, पण वारा नाही."

"आणि मग?"

"मग तू आलीस आणि पांघरूण काढून बघितलंस ना."

"मी आत्ता येतेय."

"जा गं," धाकटी हसली. "मी डोळे मिटले होते, पण कळतं मला. असं एकदम सगळं पांघरूण उचललंस. आज हळूसुद्धा नाही उचललंस."

औषधांची गुंगी, थोरलीने मनात म्हटलं. ती चहा करायला गेली. स्वयंपाकघरात पाऊल टाकताच तळव्यांना रेती लागली. भिंतीच्या कडेकडेने, चारी बाजूंनी, बारीक मातीची रेघ पडली होती. जुनं घर, भिंती झडतात. तिने केरसुणी फिरवली.

मग तिने आपला कप घेतला. त्या कपाचा टवका फार जुना होता, धाकटीनेच लहानपणी उडवलेला. कान उजव्या हातात धरला की टवका पलीकडच्या काठाला यायचा, ओठांना कधी लागायचा नाही; म्हणून तर कप टिकला होता. आज तिने पहिला घोट घेतला आणि ओठ कापला.

तिने कप फिरवून बघितला. कान उजवीकडे आणि टवका ओठांशी. टवका पलीकडे न्यायचा तर कान डावीकडे जात होता. एखादी वस्तू आरशात बघावी तशी ती वस्तू तिच्या हातात होती.

३

माणसाचं डोकं मोठं सोयीचं असतं. थोरलीने रात्री अंथरुणात पडेपर्यंत स्वतःला पटवलं की टवका पहिल्यापासून अलीकडेच होता आणि आपण इतकी वर्षं डाव्या हाताने चहा पीत होतो. सकाळी उठून तिने डाव्या हाताने चहा प्यायचा प्रयत्न केला, तेव्हा अर्धा झग्यावर सांडला.

"नवीन खूळ काय हे?" धाकटी म्हणाली.

"व्यायाम. मेंदूला चांगला असतो."

"मेंदू धुवायला टाक मग झग्याबरोबर."

थोरली हसली, पण घरात फिरताना तिची नजर आता घरावरून फिरेना, घरात घुसायला लागली. कपाटाच्या पायांखाली फरशीवर वर्षानुवर्षांचे डाग होते. कपाट डागांवरून केसभर सरकलं होतं. खिडकीची चौकट आधी कुरकुरायची, आता गपगुमान उघडत होती. दिवाणाखालच्या धुळीत खोक्यांची जागा कोरी दिसत होती, आणि खोकी त्या कोऱ्या जागेवर जवळजवळ बसलेली होती. जवळजवळ! तिला या शब्दाचा राग होता. केंद्रात ती नव्या माणसांना हाच शब्द वापरून बोलायची: जवळजवळ बसला म्हणजे बसला नाही. इथे कुणीतरी चांगलं, काळजीचं काम केलं होतं. आपल्यापेक्षा उन्नीस-बीस, असं तिच्या मनात आलं.

चोर? चोराने काय नेलं? आणि खोकी कोण जागेवर ठेवून जातं? उंदीर? जमीन खचतेय? ती शेजारच्या गवंड्याला बोलावून आली. त्याने भिंतींना ठोकलं, कोपरे बघितले आणि मान हलवली.

"घर ठणठणीत आहे, ताई. फक्त एक कळत नाही."

"काय?"

"भिंतीखालची माती मोकळी आहे. चारी बाजूंनी. घर जणू आत्ताच आणून ठेवलंय." मग तिचा चेहरा बघून तो घाईघाईने म्हणाला, "घूस असणार हो. घुशीच करतात असलं."

कप तिने वापरायचा बंद केला, पण टाकून दिला नाही. फळीवर तो दोन-चार दिवस अगदी जसाच्या तसा दिसत होता. मग एका सकाळी पांढरट वाटला, आणि तिने पुसायला उचलला तर कान तिच्या बोटांत राहिला. फुटण्याचा आवाजसुद्धा झाला नाही. उरलेला कप फळीवर होता तिथेच खडूसारखा बसला. थोरलीने तो भुगा चिमटीत घेतला. असला भुगा तिने उभ्या आयुष्यात एकाच ठिकाणी बघितला होता.

४

पुढच्या वेळी ती घरी होती.

भर दुपार. धाकटी आतल्या खोलीत झोपलेली. थोरलीने गॅसवर सूप ठेवलं होतं आणि खिडकीतून बाहेर बघत ती ढवळत होती. समोर गवंडी कुणाच्या तरी ओट्यावर हातोडी चालवत होता. लांब कुणी स्कूटरला किका मारत होतं. दुपारचे असतात तेवढे आवाज.

आधी स्कूटर गेली. म्हणजे माणूस किका मारतच होता, पण आवाज येईना. मग हातोडी. गवंड्याचा हात वर जात होता, खाली येत होता आणि काही वाजत नव्हतं. थोरलीच्या कानात दडे बसले. तिने आवंढा गिळला, दडे सुटले नाहीत. पडदा निपचित लोंबत होता. गॅसची निळी ज्योत खाली खाली गेली, पिवळी झाली, आणि भांड्याच्या बुडाला चिकटून राहिली.

हवा ओसरतेय, असं तिला वाटलं. हा शब्द तिचा होता, रोजच्या कामातला, आणि तो मनात येताच बाकीचं सगळं तिला एकदम कळल्यासारखं झालं. आपल्याला काय कळलं हे मात्र तिला धड शब्दांत मांडता आलं नसतं.

मग तो आवाज आला. ओल्या रेतीत रुतलेला दगड बोटं घालून उचकटला की रेती तो सोडताना एक आवाज करते, जाड, चिकट, नाखूश. हजार आवाजांत थोरलीने तो ओळखला असता. तो घराच्या बुडातून आला, चारी भिंतींखालून.

भिंत आणि फरशी यांच्यामध्ये उजेडाची रेघ उमटली. पांढरी. उन्हाचा रंग तिला नव्हता. स्वयंपाकघराच्या सगळ्या कडांना एकदम उमटली आणि रुंदावत गेली, बोटभर, मग वीतभर. रेघेच्या पलीकडे गल्ली असायला हवी होती, ओटे, स्कूटर. तिथे काहीतरी वाकलेलं होतं. एवढंच तिने बघितलं. वाकलेलं, आणि त्याचं सगळं लक्ष आत.

पुढचं तिला आठवत नाही. भान आलं तेव्हा ती कपाट आणि भिंतीच्या फटीत, गुडघ्यांवर, तोंड अंधारात खुपसून बसली होती. एवढी मोठी बाई त्या फटीत मावली कशी, हे तिला नंतरही उलगडलं नाही. डोळे घट्ट मिटलेले होते. खेकडे असंच करतात, तिच्या मनात आलं. आणि मागोमाग आलं: धाकटी!

धाकटी आतल्या खोलीत होती, पलंगावर, सगळ्या उजेडात. तिला पळता येत नव्हतं. आणि तिची ताई इथे फटीत लपली होती.

थोरलीने उठायचा प्रयत्न केला. पाय उठेनात. ती रडत होती, पण रडण्याला लागते तेवढीही हवा नव्हती. वर कुठेतरी काहीतरी ठरवल्यासारखी शांतता होती. मग भिंती खाली आल्या. धाडकन नाही, हलकेच, जपून, थोड्या पुढे-मागे सरकवून, नेमक्या जागी. कडांनी माती झरझर पडली. ज्योत निळी होऊन फुरफुरली. गवंड्याची हातोडी वाजली.

ती धावत आत गेली. धाकटी डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "तू नव्हतीस ना ती?"

५

"बाई, रजा घ्या चार दिवस," शिट्टीमास्तर म्हणाले. तिने त्यांना अर्धंमुर्धं सांगितलं होतं. पूर्ण सांगायची तिची छाती झाली नाही. "बहिणीचं आजारपण, रात्रीची जागरणं. आमच्या हिला तर नातू तापला तेव्हा कपाटात आगगाडी दिसली होती."

"मास्तर, तो दगड उलटाच राहिलाय."

"कुठला दगड?"

"मागच्या मोठ्या ओहोटीचा. तुम्ही शिट्टी वाजवलीत तो."

मास्तरांनी तिच्याकडे नीट बघितलं. पहिल्यांदाच त्यांनी चेष्टा केली नाही. "मग आता येईल मोठी ओहोटी, तेव्हा सुलटा करू. तुम्हाला बरं वाटेल."

तिने तेवढंच धरून ठेवलं. त्या दगडाचा आणि घराचा काय संबंध, हे तिला कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पण जिथे चूक झाली तिथे ती निस्तरायची, एवढं एकच तिच्या हातात होतं. घर सोडून दुसरीकडे जावं, हाही विचार तिने करून बघितला. मावशीकडे, भाड्याच्या खोलीत, कुठेही. पण दगडाखालून पळालेला खेकडा शेवटी कुठे जातो? शेजारच्या दगडाखाली. छप्पर म्हटलं की ते उचलता येणारच.

ओहोटीच्या दिवशी सकाळी तिने खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या, दारांच्या खाली फडकी कोंबली. धाकटी पलंगावरून बघत होती.

"काय कोंडतेयस मला?"

"हवा बाहेर जायला नको."

"मला घेऊन चल ना," धाकटी म्हणाली. चेष्टेत नव्हे. तिने थोरलीचा हात धरला होता. "खडकावर मास्तरांच्या छत्रीखाली बसेन. डोक्यावर छप्पर नसलं तर बरं वाटेल मला. ताई, खरंच घेऊन चल."

"वेडी की काय? शेवाळावरून मला चालवत नाही, तू काय चालणार? तासाभरात येते."

"मग तू तरी नको जाऊस."

तिने पांघरुणाच्या कडा बहिणीच्या अंगाखाली नीट खोचल्या, लहानपणी खोचायची तशा, आणि बाहेरून कुलूप लावलं.

६

दगड तिला लगेच सापडला. लांबूनच दिसला, कारण सगळ्या हिरव्या-तपकिरी दगडांत तो एकटाच पांढरा होता. अंड्यांचा थर वाळून पापुद्रा झाला होता. स्पंजाला तिने बोट लावलं, आणि भुगा वाऱ्यावर गेला.

ती गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात खाली घातले आणि दगड उचलला. शेजारी, दगडाच्या जुन्या जागेवरच्या ओंजळभर पाण्यात तो मासा होता. अंडी तिथे नव्हती, वर उन्हात मरून गेली होती. पण त्याच्या जागी तो होता. पोट खपाटीला गेलेलं, रंग उडालेला, तोंड वर करून बसलेला. अजून राखण करत होता.

"चुकले रे," थोरली म्हणाली. ती मोठ्याने म्हणाली आणि तिला त्याची लाज वाटली नाही. तिने दगड फिरवला, जुन्या रेतीतला त्याचा साचा बोटांनी शोधला आणि त्यात तो बसवला. थोडा पुढे, थोडा मागे. नेमका. जवळजवळ नव्हे.

अंगावरचं ओझं उतरल्यासारखी ती मागे टेकली. झालं. आता घरी जायचं, पट्ट्या काढायच्या, धाकटीला चहा करून द्यायचा.

शिट्टी वाजली.

लांब, घाईची शिट्टी. ती सवयीने उठली, चार ढांगा वर आली आणि थबकली. पाणी अजून लांब होतं, ओसरतच होतं. वर मास्तर छत्री खांद्यावर टाकून उभे होते, शिट्टी गळ्यात लोंबत होती, आणि ते समुद्राकडे पाठ करून गावाकडे बघत होते.

"तुम्ही वाजवलीत?"

"मी नाही," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, इतक्या लांबून... बाई, ती तिकडून आली. घरांकडून."

शिट्टी म्हणजे पाणी फिरलं. शिट्टी म्हणजे हातात असेल ते टाकून निघायचं. आणि हातात जे असतं ते, घाईत टाकलं की, कसं पडतं हे तिला माहीत होतं.

ती धावत सुटली. बूट खडकात अडकून निघाला, तो तिने तिथेच सोडला.

७

कुलूप जागेवर होतं. दाराखालचं फडकं जागेवर होतं. घर तिच्या डोळ्यांदेखत अगदी जसंच्या तसं उभं होतं, आणि आत गॅसवर चहा उकळल्याचा वास येत होता.

"आलीस?" धाकटी स्वयंपाकघरात उभी होती. एकटी, भिंतीला न टेकता. गालांवर रंग होता. "ताई, ऐक, दम नाही लागला. पलंगापासून इथपर्यंत चालत आले, एकदाही थांबले नाही. आणि भूक लागलीय मला, खरी भूक!"

थोरली दाराला धरून उभी राहिली. इतके महिने तिने हेच मागितलं होतं. आनंदाने तिचे डोळे भरून आले. क्षणभर तिला वाटलं, दगड सुलटा झाला आणि सगळंच सुलटं झालं. तिने डोळे पुसले.

धाकटीने डाव्या हाताने गाळणं धरलं. डाव्या हाताने चहा ओतला, एक थेंब न सांडता. तिचा भांग उजवीकडून पडला होता. हसताना गालाला खळी पडली, ती रोजच्या गालाला नव्हती.

"इकडे ये," थोरली म्हणाली. "टाके बघू दे."

"आता काय बघायचंय?"

"बघू दे गं."

धाकटीने कुरकुरत झगा वर केला. डाव्या बरगड्यांखालची कातडी कोवळी, कोरी होती. व्रण उजवीकडे होता, वीतभर, तेवढाच जुना, एकेक टाका ओळखीचा. थोरलीने बहिणीला जवळ ओढून छातीला कान लावला. जिथे ऐकायची सवय होती तिथे काही नव्हतं. पलीकडच्या बाजूला हृदय स्वच्छ, नियमित वाजत होतं.

"काय झालं, ताई?" धाकटीने तिच्या केसांतून हात फिरवला. आवाज तिचाच होता, हातही तिचाच, उबदार. ही धाकटीच होती, दुसरी कुणी नव्हती. याबद्दल थोरलीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, आणि म्हणून तर तिला रडू फुटलं. "रडतेस काय? मी बरी आहे. बघ तरी किती बरी आहे."

"हो. दिसतेय."

दोन-चार दिवस असंच छान दिसणार होतं.

थोरली उठली. खिडक्यांच्या पट्ट्या तिने टराटरा ओढून काढल्या, फडकी काढून कोपऱ्यात फेकली, पुढचं-मागचं दार सताड उघडलं. मग पलंगाभोवतीची खुर्ची, टेबल, औषधांचं स्टूल, सगळं ओढून भिंतीला लावलं, म्हणजे कुणाच्या हाताला अडचण व्हायला नको. धाकटी कप हातात धरून बघत राहिली.

"मघाशी कोंडत होतीस, आता दारं उघडतेस. आत वारा येईल."

"येऊ दे. तू पलंगावर पड."

"आणि तू?"

"मी इथेच आहे. तुझ्याजवळ. कुठे जात नाही मी आता."

धाकटी पलंगावर आडवी झाली. थोरलीने तिच्या अंगावर पांघरूण घातलं, पण या वेळी कडा खोचल्या नाहीत. ती शेजारी जमिनीवर बसली आणि बहिणीचा हात दोन्ही हातांत घेतला. चूक ज्याची असते तो परत येतो. निदान चांगलं काम करणारा येतो, ती स्वतः गेली होती. पण ती अर्धा महिना उशिरा गेली होती. घर उचलणाऱ्यांची मोठी ओहोटी पुन्हा कधी, हे सांगणारा मास्तर कुठून आणायचा?

धाकटीच्या करंगळीचं नख तिला जरा पांढरट दिसलं. तिने त्याला बोट लावलं नाही.

ती तोंड वर करून बसली आणि कान देऊन ऐकू लागली. बाहेर हातोडी चालली होती, कुणी स्कूटरला किका मारत होतं, पोरं चेंडूवरून भांडत होती. पडदा वाऱ्याने फुगून आत येत होता. कानात दडे नव्हते, गॅसची ज्योत निळी होती, आणि घर हवेने काठोकाठ भरलेलं होतं.